पानिपतास गेलेला धाकटा

आमच्या घरी एका माणसाचे श्राद्ध आजवर कोणी घातलेले नाही. सर्वपित्री अमावस्येला पितरांची नावे घेताना वडील एका ठिकाणी क्षणभर थांबत आणि पुढच्या नावाकडे वळत. लहानपणी आजीला कारण विचारले, तर ती म्हणाली, "भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर गेलाय तो. परत आला नाही म्हणून मेला कसं म्हणायचं?" त्या वेळी पानिपताला दोनशेहून अधिक वर्षे उलटली होती.

आमचे गाव भालकी तालुक्यातले. तेथून उदगीर बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेवर. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होते. उदगीरच्या लढाईत, ३ फेब्रुवारी १७६० रोजी, सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमविले आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख पदरात पाडून घेतला. पुढे परतूरच्या मुक्कामी दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी पक्की झाली आणि मार्च महिन्यात फौज उत्तरेकडे निघाली. म्हणजे पानिपतची वाट आमच्या उंबऱ्याजवळूनच गेली असे म्हणायला हरकत नाही. घरातली कथा अशी की, दोन भावांपैकी थोरला शेतीवर राहिला आणि धाकटा फौजेमागे गेला. आम्ही थोरल्याचा वंश.

एम.ए.ला इतिहास घेतला त्यामागे हा धाकटाही होता. मोडी शिकलो. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रे आहेत. सरदेसायांनी १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापले. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत ते चाळले. त्यांत सरदार भेटतात, पथके भेटतात, कर्जाचे तगादे तर पानोपानी भेटतात. ओझी वाहणारा, घोड्याला दाणा घालणारा मात्र 'बुणगे' या एका शब्दात गडप होतो. मी ज्याला शोधत होतो तो बहुधा त्याच शब्दात होता.

आमच्याकडच्या कागदांची तऱ्हा आणखी निराळी. निजामी अंमलातले दप्तर आधी फारसीत, मागाहून उर्दूत. त्यात १९५६ साली जिल्ह्याचेच तीन तुकडे झाले. भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, उदगीर, निलंगा मुंबई राज्यात, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. ज्याचा एक चुलता उदगीरला आणि एक जहिराबादला, त्याने कोणत्या तहसिलीत अर्ज करावा?

तरी एक कागद हाती लागला, तो घरातच. आजीच्या पेटीतली वाटणीपत्राची मोडी नक्कल. तीवर साल नाही. तीत थोरल्याचे नाव आहे, आणि धाकट्याच्या हिश्शापुढे 'अमानत' असे लिहिले आहे. तो शब्द लागला तेव्हा मी वहीत टिपून घ्यायचेही विसरलो. त्याच्यासाठी जमीन राखून ठेवली होती! पण त्यानंतरच्या कोणत्याच कागदात ती अमानत नाही. कोणी, कधी, आपल्या हिश्शात मिळवली, कळत नाही.

येथे मनाला एक काटा टोचतो. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहून, पालाशविधी करून त्याचे श्राद्ध घालण्याची सोय शास्त्रात आहे. आमच्या वाडवडिलांना ती ठाऊक नसेल असे नाही. मग ती टाळली ती मायेपोटी, की मेला म्हटले तर वारसाचा प्रश्न निघेल म्हणून? त्याला बायकोमुले होती की नाही, कागद सांगत नाही. पार्वतीबाईंनी भाऊसाहेब गेल्याचे कधी मान्य केले नाही. १७८३ साली देह ठेवीपर्यंत त्या सुवासिनीच राहिल्या. मधल्या काळात भाऊंचा तोतयाही उभा राहिला, आणि चौकशीअंती १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड झाला. त्या काळी ओळख पटवायची ती चेहरा, खुणा आणि साक्षी यांवर.

आता ती रक्तावरून पटते म्हणतात. अमेरिकेत असलेला माझा पुतण्या सांगत होता, तिकडे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी डोंगर ओलांडून पश्चिमेला वस्ती करणारा आपला पूर्वज लोक जमिनीची पत्रे, चर्चच्या नोंदी आणि डीएनए यांच्या जोरावर हुडकतात. त्याने मलाही नळी आणून दिली. तीत थुंकायचे आणि पाठवून द्यायचे. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र पिढ्यानुपिढ्या जवळजवळ तसेच राहते. म्हणून धाकट्याच्या पुरुषवंशात कोणी असेल तर त्याचे आणि माझे जुळले पाहिजे. १९९८ साली अध्यक्ष जेफरसन यांच्याबाबत नेमके हेच केले गेले. त्यांच्या चुलत्याच्या पुरुषवंशजांचे गुणसूत्र सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या धाकट्या मुलाच्या वंशजाशी जुळले. पण त्यावरून बाप जेफरसन घराण्यातला, एवढेच सिद्ध झाले. कोणता, हे ठरवायला पुन्हा कागदच लागले.

जुळवायचे कोणाशी? हरियाणातील रोड समाजात, आपण पानिपतावरून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत, असे मानणारे पुष्कळ आहेत, कोल्हापूरचे डॉ. वसंतराव मोरे यांनी हा विषय महाराष्ट्रापुढे मांडला. २०१८ साली एका अमेरिकन नियतकालिकात वायव्य भारतातील समाजांचा जनुकीय अभ्यास आला, त्यात मात्र रोडांमध्ये मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाशी नाते सांगणारा अंश फार मोठा निघाला. दख्खनच्या दाव्याला हे पोषक नाही. पण त्या अभ्यासाचा प्रश्न पानिपताचा नव्हता. मोठ्या समाजात मिसळलेली थोडी माणसे नऊ पिढ्यांनी अशा सरासरीत दिसतीलच असेही नाही. दावा खरा म्हणवत नाही, पण एखादे घर वगळताही येत नाही.

पानिपतला काला आंब येथे त्या समाजातले एक शिक्षक भेटले. उसाची शेती, दारात म्हैस. माझी हकीकत ऐकून त्यांनी नळी घेतली आणि हसत विचारले, "जुळलं तर भाऊ म्हणाल ना, गुरुजी?" मी हो म्हटले. घरी सांगितले तर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, जुळलं तर त्यांची अमानतही काढून ठेवावी लागेल."

यंदाच्या सर्वपित्रीला नावे मीच घेतली. त्या ठिकाणी आल्यावर भटजींनी विचारले, याचे काय करायचे? मी सांगितले, पानिपतहून उत्तर यायचे आहे.