बांध आणि माळ

आमच्या नव्या पेठेत माती औषधालाही सापडायची नाही. दुकानाला दुकान लागलेलं. अशा ठिकाणी राहून मी ३४ वर्षं मातीची नोकरी केली, याचं शेजाऱ्यांना अजून हसू येतं.

१९७२च्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी मी मृदसंधारणाच्या कामावर लागलो. पण हे शास्त्र सोलापूरला जुनं. १९३३ साली इथे कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. पावसाचं किती पाणी वाहून जातं, सोबत किती माती नेतं, हे शेतात मोजलं गेलं. एन. व्ही. कानिटकरांनी १९४४ मध्ये भारतातल्या कोरडवाहू शेतीवर इंग्रजीत ग्रंथच लिहिला. समपातळी बांध, अधूनमधून खोल नांगरट, विरळ पेरा, वारंवार कोळपणी, ही ‘मुंबई पद्धत’ म्हणून ओळखली गेली. १९४२च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला सरकारी बळ दिलं.

पुस्तक वाचून आम्ही शिवारात उतरलो. हलक्या, मुरमाड रानात बांध टिकले. भारी काळ्या रानात मात्र उन्हाळ्यात बांधाला भेगा पडत आणि पावसाळ्यात पाणी आत तुंबे. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “सायब, पाणी अडिवलासा, पर रानाला वाफसाच येईना. शाळू कवा पेरू?” सांडवा कुठे काढावा, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

रविवारी सायकल काढायची आणि हिप्परग्याच्या तलावावर पक्षी बघायला जायचं, हा माझा नेम. कधी बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नजला. १९७९ साली तिथे माळढोक अभयारण्य झालं. कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! (२०१२ मध्ये ते १,२२२वर आलं.) माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. तिला चहूकडे लांबवर दिसावं लागतं, दाट झाडी मानवत नाही. आणि आमचा हिशेब? माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे झाडं लावा. माझ्या देखरेखीखालीही एका माळावर गिरिपुष्पाची रोपं लागली. मुळात तिथली माती गवताने धरून ठेवलेलीच होती. रविवारी दुर्बिणीतून ते दिसायचं, सोमवारी मी विसरायचो.

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन नान्नजला गेलो. काळविटांचा कळप दिसला. माळढोक नाही, आता एखादा दिसला तरी बातमी होते. परतताना वाटेतल्या एका शेताच्या बांधावर डबा सोडला. नातू म्हणाला, “आजोबा, हा तुम्ही घातलाय?”

माझाच होता. कुसळीने पुरता झाकलेला.