नेमलेला की निवडलेला?

बिबवेवाडीतल्या माझ्या घरी दहावीची मुले इंग्रजी शिकायला येतात. परवा एका मुलीने लिहिले, नगरसेवक ‘अपॉइंट’ झाले. मार्केट यार्डातून आणलेली मेथीची जुडी मी तिच्यापुढे सोडली. पिवळी पाने बाजूला, कोवळी ताटात. हे निवडणे, म्हणजे सिलेक्ट. लोकांनी मत देऊन निवडले की इलेक्ट. वरच्याने नेमले की अपॉइंट.

मग तिला आपला जुना शब्द सांगितला, वस्त्रे देणे. बाळाजी विश्वनाथ गेल्यावर १७२० मध्ये शाहू महाराजांनी कऱ्हाडजवळच्या मसूरला बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली. नेमणूक धन्याची, म्हणून क्रियापदही देण्याचे. गावच्या पाटलाला तर बहुधा क्रियापदच लागत नसे. पाटीलकी वतनाने चालत येई. मुलकी पाटलाचे ते पद १ जानेवारी १९६३ पासून कायद्याने संपले. पोलीस पाटील मात्र आजही नेमतात.

पुणे महापालिका १९५० मध्ये स्थापन झाली आणि १९५२ मध्ये बाबूराव सणस पहिले महापौर झाले. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी घडवला. महापौराला आपण थेट निवडत नाही, नगरसेवक निवडतात, म्हणजे इथेही इलेक्टच. आणि काही जागांवर येतात ते ‘स्वीकृत’ नगरसेवक, म्हणजे नॉमिनेटेड. हा शब्द मला खटकतो, कारण कोणी स्वीकारले हे तो सांगत नाही.

मुलांनो, क्रियापद लिहिण्याआधी एवढे विचारा: निवड केली कोणी?