एका प्रवासाची पूर्वतयारी



एर्नेस्तो गव्हेरा हे नाव आपणांस नवे नाही. जग ज्याला 'चे' म्हणून ओळखते तो हाच. त्याची तारा लावलेली टोपी आणि विस्कटलेली दाढी आता पोरांच्या बनियनवरही छापलेली दिसते. पण आज आम्ही त्याचे चरित्र सांगण्यास उभे नाही. माणूस मोठा झाला की चरित्रकार त्याचे तरुणपणही मोठेपणाच्या मापाने बेततात, आणि मग त्या कपड्यात माणूस सापडत नाही. आमचा विषय लहान आहे. १९५२ साली दोन मित्र एका जुन्या मोटारसायकलवर बसून आपल्या अर्जेंटिना देशातून शेजारच्या चिली देशात गेले. त्या प्रवासाची त्यांनी तयारी कशी केली, त्यातली कोणती कामास आली आणि कोणती आली नाही, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

हा विषय आम्ही का निवडला, असे कोणी विचारील. आमचा धंदा संघटनेचा. संघटना चालविणाऱ्याचे निम्मे आयुष्य तयारीत जाते. संप आठ दिवसांचा असला तरी त्याच्या मागे वर्षभराच्या द्वारसभा, वर्गणीच्या पावत्या आणि नोटिसांचे मसुदे असतात. तहान लागल्यावर विहीर खणणारा पुढारी कामगारांना उपाशी मारतो. त्यामुळे कोणाचाही प्रवास वाचावयास घेतला की त्याने काय पाहिले याआधी त्याने बरोबर काय घेतले होते, हे आम्ही पाहतो.

बेत ठरला तो १९५१ च्या ऑक्टोबरात, कोर्दोबा शहरी, आल्बेर्तो ग्रानादो याच्या घरच्या द्राक्षवेलीखाली, 'माते' नावाचा तिकडचा कडवट चहा पिता पिता. ग्रानादो एकोणतीस वर्षांचा होता. तो जीवरसायनशास्त्रज्ञ, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम केलेला, आणि १९४३ च्या विद्यार्थी चळवळीत तुरुंग पाहून आलेला. एर्नेस्तो तेवीस वर्षांचा, वैद्यकीचा विद्यार्थी आणि जन्माचा दमेकरी. उत्तर अमेरिकेपर्यंत जावे असा विचार निघाला. कशाने, तर ग्रानादोच्या मोटारसायकलने. कामे तिथेच वाटून झाली. एर्नेस्तोने जमतील तितक्या परीक्षा देऊन टाकावयाच्या, ग्रानादोने गाडी सज्ज करावयाची आणि मार्ग आखावयाचा. लोकांना मात्र सांगावयाचे की आम्ही चिलीपर्यंत जाणार. म्हणजे बेत फसला तरी तोंड लपवावे लागू नये! तयारीतला हा भाग आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. मागणी मनात कितीही मोठी असली तरी पहिल्या नोटिशीत काय लिहावे, हे ज्याला कळते तो टिकतो.

आता गाडीकडे पाहू. ती १९३९ सालची, नॉर्टन या इंग्रजी कारखान्याची, ५०० सी.सी.ची. तिचे नाव 'ला पोदेरोसा दुसरी', म्हणजे 'बलवंता'. पहिली बलवंता ही ग्रानादोची विद्यार्थिदशेतील सायकल होती. प्रवासाला निघाली तेव्हा ही दुसरी बारा-तेरा वर्षांची झाली होती. तिच्यावर दोन माणसे, तंबू, अंथरुणे, कपडे, पुस्तके, मातेचे सामान, कॅमेरा आणि एक पिस्तूल असा संसार चढविला. बहुतेक वजन मागच्या चाकाच्याही मागे गेले. त्याचा परिणाम असा की चालविणाऱ्याचे लक्ष जरा ढळले की पुढचे चाक जमीन सोडू पाही. ज्याने हातगाडीवर माल लादला आहे त्याला हे कारण समजावून सांगावयास नको. ओझे किती, यापेक्षा ते कोठे ठेवले यावर गाडी चालते.

दुसरी तयारी कागदांची. परवाने, दाखले, देशोदेशींचे शिक्के. आधुनिक राष्ट्रे प्रवाशाच्या वाटेत जे अडथळे घालतात त्यांची तक्रार एर्नेस्तोने आपल्या टिपणांत केली आहे. ते सोपस्कार पार पडले आणि ४ जानेवारी १९५२ रोजी ब्यूनोस आयर्स सुटले.

पण या दोन तयाऱ्यांच्या आधीपासून एक तिसरी तयारी चालली होती, आणि ती प्रवासासाठी म्हणून कोणी केलेली नव्हती. १९५० साली एर्नेस्तोने सायकलला लहानसे इंजिन बसवून आपल्याच देशाच्या उत्तर भागात सुमारे ४,५०० किलोमीटर मजल मारली होती. इंजिनाच्या विक्रेत्यांनी त्याचा फोटो जाहिरातीतही छापला. त्याच फेरीत तो ग्रानादोच्या कुष्ठरोगी वसाहतीत जाऊन राहिला. १९५१ साली काही महिने सरकारी तेलवाहू जहाजांवर त्याने परिचारकाची नोकरी केली. रात्री कोठेही निजणे, खलाशांबरोबर जेवणे, रोग्याच्या खाटेजवळ न किळसता बसणे या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडल्या होत्या. याला सामानाच्या यादीत जागा नसते.

प्रवास सुरू झाला आणि पहिल्या तयारीची परीक्षा लागलीच झाली. दक्षिणेच्या वाळूच्या रस्त्यांवर गाडी वारंवार घसरली. दोघे पडले, उठले, पुन्हा बसले. वाटेत एर्नेस्तोला ताप भरला आणि चोएले चोएल येथील रुग्णालयात राहावे लागले. मोडलेला भाग दुरुस्त करण्याची त्यांची रीत म्हणजे तार. जेथे तार गुंडाळून भागेल तेथे बोल्ट शोधावयाचा नाही. पक्कड आणि तारेचे वेटोळे यांवर बलवंता निम्मा देश चालली. आमच्या ओळखीच्या कितीतरी जुन्या गिरण्या अशाच चालल्या आणि मालकांनी त्यांचाच नफा खाल्ला. तेव्हा तारेला कोणी हसू नये.

फेब्रुवारीच्या मध्यास त्यांनी अँडीज पर्वतातील सरोवरांवरून चिलीत प्रवेश केला. पैसे जेमतेम होते. मोटारसायकल ज्या गळक्या पडावावर चढविली होती त्यातले पाणी पंपाने उपसून त्यांनी आपले आणि गाडीचे भाडे फेडले. परक्या देशात त्यांचा प्रवेश असा मजुरी करून झाला, हे आम्हांला मोठे अर्थपूर्ण वाटते. त्याच वाटेवर चिलीचे काही डॉक्टर भेटले. आम्ही कुष्ठरोगाचे जाणकार, असे यांनी सांगितले आणि ओळखपत्र मागून घेतले. पुढे तेमुको शहराच्या वर्तमानपत्राने तर छापून टाकले की कुष्ठरोगाचे दोन अर्जेंटिनी तज्ज्ञ मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिका पाहत आहेत. ग्रानादोच्या बाबतीत हे खरे होते. एर्नेस्तोच्या बाबतीत अर्धे. पण त्या कात्रणाने घरोघरी जेवण मिळाले, गॅरेजात उधारी मिळाली. सरकारी शिक्क्यांनी सीमेचे फाटक उघडले, लोकांची दारे उघडली ती त्यांच्या धंद्याने.

आता हे दोघे साधुसंत होते असे समजू नका. लाउतारो गावी गाडीची गिअरबॉक्स धरून ठेवणारा भाग तुटला. तेथल्या कारागिरांनी आपल्या हातचे काम बाजूला ठेवून तो जोडून दिला. रात्री नाचगाणे झाले, आणि त्यात एर्नेस्तोने एका मेकॅनिकच्या बायकोशी असे वर्तन केले की दोघांना जमावापुढून पळ काढावा लागला. हे त्यानेच लिहून ठेवले आहे. ज्यांच्या हातांनी आपली गाडी चालू झाली त्यांच्याशी असे वागणारा तरुण अजून काही शिकावयाचा होता, एवढेच यावरून दिसते.

लोस आंखेलेस या गावाजवळच्या चढावर बलवंता कायमची थकली. दोघांनी त्या गावी अग्निशामक दलाच्या ठाण्यात आसरा घेतला, आगीची घंटा वाजली तेव्हा बंबाबरोबर धावले. मग गाडी ट्रकवर टाकून सान्तियागो गाठले आणि तेथल्या एका गॅरेजात तिला ठेवून दिले. कोर्दोबाहून जिची एवढी उस्तवारी केली ती दोन महिन्यांत संपली. येथून पुढे दोघे पायी, ट्रकवर, आणि एका जहाजात तर चोरून लपून गेले.

आमच्या मते खरा प्रवास येथे सुरू होतो. मोटारसायकलवरच्या माणसाकडे लोक कौतुकाने बघतात. रस्त्याच्या कडेला हात दाखवून उभ्या असलेल्या माणसाशेजारी दुसरा तसाच माणूस येऊन उभा राहतो, आणि मग बोलणे होते.

उत्तर चिलीच्या वाळवंटात, चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीकडे जाताना, त्यांना असेच एक जोडपे भेटले. नवरा खाणकामगार, कम्युनिस्ट. तीन महिने तुरुंगात काढून आलेला. मुले शेजाऱ्यांच्या हवाली करून दोघे डोंगरातल्या गंधकाच्या खाणीकडे निघाली होती, कारण तेथले काम इतके वाईट की कामावर घेताना मते कोणी विचारत नसे. वाळवंटातली रात्र थंड होती. त्यांच्याजवळ एकही घोंगडे नव्हते. या दोघांनी आपल्यातले एक त्यांना दिले.

या भेटीमागचा इतिहास दोन वाक्यांत सांगतो. १९४६ साली कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल गोन्सालेस व्हिदेला यांनी १९४७ साली लोता येथील कोळसाखाणीतला संप लष्कर घालून मोडला, आणि १९४८ साली 'लोकशाहीच्या कायम संरक्षणाचा कायदा' अशा गोंडस नावाखाली कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालून हजारो नावे मतदारयाद्यांतून खोडली. हा कायदा १९५८ पर्यंत टिकला. ग्रानादोने आखलेल्या मार्गावर गावे होती, अंतरे होती, घाट होते. पण ज्याचे नाव मतदारयादीतून खोडले आहे तो माणूस कोणत्याही नकाशावर दाखविलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी खाण पाहिली. १९२३ पासून ती आनाकोंडा या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात होती. डोंगर पोखरून उघड्यावर तांबे काढणारी, जगातील मोठमोठ्या खाणींत गणली जाणारी. संपाचे वातावरण होते. खाण दाखविणाऱ्यानेच त्यांना सांगितले की कामगाराला चार दिडक्या जास्त द्यावयाच्या नाहीत म्हणून मालक संपाच्या एकेका दिवसात हजारो पेसो बुडवावयास तयार असतात. हे वाक्य आम्ही प्रथम वाचले तेव्हा हसलो, कारण तेच गणित आम्ही कितीतरी वाटाघाटींत मालकांच्या टेबलावर मांडून पाहिले आहे. पैसा वाचविणे हा त्यांचा हेतू नसतोच. कोणाच्या शब्दाने गिरणी चालते, हे दाखवावयाचे असते. एर्नेस्तोने खाणीची यंत्रे वर्णिली आणि या डोंगराने किती जीव घेतले असतील असा प्रश्न केला. ती खाण १९७१ साली चिलीच्या संसदेने एकमताने राष्ट्राच्या मालकीची केली.

यावर कोणी म्हणेल, गाडी मोडली म्हणून डोळे उघडले; तर मग तयारी हवी कशाला? पडत-झडत जावे, अनुभव आपोआप मिळेल. हे आम्हांला मान्य नाही. गाडी हजारोंच्या मोडतात. मोडलेल्या गाडीपाशी बसून नशिबाला बोल लावणारेच अधिक. या दोघांना रात्र काढता आली, रोग्याशी बोलता आले, भुकेल्यापुढे घोंगडे टाकता आले, ते वसाहतीत आणि जहाजावर झालेल्या त्या तिसऱ्या तयारीमुळे.

आणि ही तयारी एकदा झाली म्हणजे जन्मभर पुरते असेही नाही. याला पुरावा त्याच माणसाचा आहे. १९६६ च्या नोव्हेंबरात गव्हेरा बोलिव्हियात शिरला तेव्हा कागदांची तयारी अशी पक्की होती की डोके भादरून, खोट्या नावाच्या उरुग्वेच्या पासपोर्टावर तो बिनबोभाट आत गेला. शस्त्रे होती, शिस्त होती. रानातल्या तळावर त्याच्या लोकांनी केचुआ भाषेचे धडे गिरविले; पण त्या मुलखातले शेतकरी बोलत होते ग्वारानी! त्यांच्यातला कोणीही बंदूक घेऊन त्याच्या तुकडीत आला नाही. २४ जून १९६७ च्या पहाटे त्याच देशात सिग्लो व्हेंते खाणीच्या वस्तीवर लष्कराने गोळ्या घातल्या, कामगार बायकामुलांसह मारले गेले. आणि रानातल्या मूठभर माणसांना त्या खाणींपर्यंत पोहोचण्याची वाट नव्हती. ९ ऑक्टोबर १९६७ रोजी त्याला कैदेत ठार केले. त्याच्या धैर्यापुढे आम्ही मान लववितो. त्याच्या मार्गाने जा असे आम्ही कोणा कामगाराला सांगितलेले नाही आणि सांगणार नाही. पंधरा वर्षांपूर्वी वाळवंटात जे कळले होते, की माणसाजवळ आधी बसावे लागते, ते येथे राहून गेले.

ग्रानादोचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी विचारत नाही. १९५२ च्या जुलैत दोघे व्हेनेझुएलात पोहोचले तेव्हा तो तेथल्या कुष्ठरोगी वसाहतीत नोकरीला राहिला. १९६१ साली क्यूबात गेला, जीवरसायनशास्त्र शिकवू लागला, सान्तियागो दे क्यूबा येथील वैद्यकीय विद्यालय उभारण्यात त्याचा हात होता. २०११ साली अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन हवाना येथे वारला. ज्याने गाडी सज्ज केली, तार बांधली, मार्ग आखला, त्याने पुढे आयुष्यभर डॉक्टर घडविले. त्याची छबी बनियनवर नाही.

श्रोतेहो, आपल्यांतली पुष्कळ मुले आता परदेशी जातात, मोटारसायकलवर लडाखला जातात. त्यांनी टायर पाहावे, ब्रेक पाहावे, कागद दोन प्रती करून ठेवावे. ओझे चाकाच्या मागे टाकू नये. पण घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना आणखी एक प्रश्न विचारावा: गाडी बंद पडली, तर तिथल्या माणसांच्या उपयोगी पडेल असे तुझ्या हातांत काय आहे? ज्याला याचे उत्तर देता येते त्याने खुशाल निघावे. ज्याला येत नाही त्याने आधी एखादे काम शिकावे. रस्ता कोठे पळून जात नाही.