वीस वाव, पंधरा वाव

माल्टाच्या ईशान्य किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर संत पौलाच्या नावाने ओळखली जाणारी दोन लहान, निर्जन बेटे आहेत. भूमध्य समुद्राचे येथील पाणी इतके नितळ की, उन्हाळ्यात देशोदेशींचे लोक पोहण्यासाठी व बुडी मारून समुद्रतळ न्याहाळण्यासाठी येथे येतात. परंपरा सांगते की, याच पाण्यातून इ. स. ६० च्या सुमारास २७६ माणसांनी जिवाच्या आकांताने किनारा गाठला.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील हा वृत्तांत एखाद्या खलाशाच्या रोजनिशीसारखा काटेकोर आहे. कैदी पौलाला रोमकडे नेणारे गव्हाचे जहाज क्रेत बेटाजवळ वादळात सापडले. चौदाव्या रात्री खलाशांनी खोली मोजली. आधी वीस वाव भरली, थोडे पुढे पंधरा. वाव म्हणजे सुमारे सहा फूट. आपल्या कोळी बांधवांना हे माप सांगावयास नको. खडकाच्या भयाने चार नांगर टाकून सर्वांनी पहाटेची वाट पाहिली. सकाळी जहाज वाळूत रुतून फुटू लागले. कैदी पोहून निसटतील म्हणून त्यांना ठार करण्याचा शिपायांनी बेत केला. परंतु पौलाला वाचवू पाहणाऱ्या शताधिपतीने तो मोडून काढला. ज्यांना पोहता येते त्यांनी आधी उड्या टाकाव्यात, बाकीच्यांनी फळ्यांच्या आधाराने यावे, असा त्याने हुकूम दिला. एकासाठी दाखविलेल्या दयेने सारेच कैदी तरले.

ही जागा नेमकी हीच का, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. तथापि जेम्स स्मिथ या स्कॉटिश नौकाप्रेमी अभ्यासकाने वाऱ्याची दिशा, जहाज वाहत जाण्याचा वेग आणि किनाऱ्यालगतची खोली ताडून पाहिली. क्रेतकडून माल्टापर्यंत वाहत येण्यास जवळजवळ तितकेच दिवस लागतात, असे त्याने १८४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले.

बेटावर संत पौलाचा भव्य पुतळा असून १८४५ साली त्याला आशीर्वाद देण्यात आला. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९० च्या भेटीनिमित्त पाणबुड्यांनी जवळच्या समुद्रतळाशी ख्रिस्ताचा पुतळा उभारला. तेथील पाणी गढूळ होऊ लागल्याने २००० साली तो कावरा भूशिराजवळ हलविण्यात आला. हात उंचावलेल्या त्या ख्रिस्ताच्या दर्शनासाठी आजही पाणबुडे खोल उतरतात.

माल्टावासी मात्र जहाजापेक्षा शेकोटी अधिक आठवतात. पाऊस पडत होता, थंडी होती. बेटावरील लोकांनी या अनोळखी, भिजलेल्या माणसांसाठी, कैद्यांसह साऱ्यांसाठी, विस्तव पेटविला. दरवर्षी १० फेब्रुवारीला तेथे या घटनेचा सण साजरा होतो. एप्रिल २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस माल्टाला गेले, तेव्हा याच आदरातिथ्याचे वचन त्यांच्या यात्रेचे बोधवाक्य होते. त्याच भेटीत ते स्थलांतरितांनाही भेटले. कारण त्या समुद्रात आजही आसऱ्याच्या शोधात निघालेली माणसे बुडतात. किनाऱ्यावर शेकोटी कोण पेटविणार, हा प्रश्न दोन हजार वर्षांनंतरही तेथे उभा आहे.