चौरस फूट आणि स्पर्श : कचेरीच्या निर्जंतुकीकरणाचा हिशेब

मार्च २०२० मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील एका एकोणीस मजली इमारतीत कोविडचा उद्रेक झाला. इमारतीशी संबंधित १,१४३ जणांची तपासणी झाली आणि ९७ जण बाधित निघाले. त्यांपैकी ९४ जण अकराव्या मजल्यावरच्या कॉल सेंटरमध्ये काम करणारे होते. त्या मजल्यावर एकूण २१६ कर्मचारी होते, म्हणजे शेकडा त्रेचाळीसहून अधिक जणांना लागण झाली. त्यातही बहुतेक बाधित मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे होते. लिफ्ट, तिची बटणे, तळमजल्यावरची लॉबी आणि दारांच्या मुठी सगळ्या मजल्यांना सामाईक होत्या. तरीही इतर मजले जवळजवळ कोरडे राहिले.

एका इमारतीवरून सिद्धांत मांडता येत नाही. परंतु लिफ्टचे बटण हाच रोगाचा मुख्य रस्ता असता, तर रोग मजल्यामजल्यावर विखुरलेला दिसला असता. तो एकत्र बसून तासन्‌तास बोलणाऱ्यांतच साचला, याचा अर्थ त्याचा मुख्य प्रवास हवेतून झाला. त्याच महिन्यात आपल्याकडे मात्र अग्निशमन दलाचे बंब रस्त्यांवर हायपोक्लोराइट फवारत होते. मग कामाच्या जागेची साफसफाई निरुपयोगी का? तसे नाही. तिचा उपयोग कोठे आहे, कोठे नाही आणि कोणत्या विषाणूसाठी आहे, हे वेगवेगळे करून पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट विषाणूच्या स्वभावाची. जिवाणू ओलसर फडक्यावर किंवा चहाच्या डागावर वाढू शकतात, विषाणू वाढत नाही. त्याला जिवंत पेशी लागते. त्यामुळे टेबलावर पडलेल्या विषाणूंची संख्या पडल्या क्षणापासून घटतच जाते. २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात नवा कोरोना विषाणू प्लास्टिक आणि स्टेनलेस स्टीलवर ७२ तासांपर्यंत सापडला, पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर आणि तांब्यावर ४ तासांनंतर सापडला नाही. वर्तमानपत्रांनी ७२ तासांचा आकडा उचलला आणि घरोघरी दुधाच्या पिशव्या धुतल्या जाऊ लागल्या. त्याच प्रयोगातला दुसरा निष्कर्ष मागे पडला : त्या ७२ तासांत प्लास्टिकवरच्या विषाणूंची संख्या हजारपटीहून अधिक घटली होती. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे संख्या निम्मी व्हायला लागणारा वेळ, प्लास्टिकवर सुमारे पावणेसात तास आणि स्टीलवर त्याहून तासभर कमी भरला.

या आकड्यावरून सोमवारच्या सकाळचा हिशेब मांडता येतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद झालेली कचेरी सोमवारी नऊला उघडते. मध्ये ६३ तास जातात, म्हणजे नऊ अर्धायुकाल. शुक्रवारी पडलेल्या विषाणूंपैकी पाचशेत एखादाच उरतो. प्रयोग २१ ते २३ अंश तापमानात झाला होता. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीतली घट याहून वेगाने होईल. तरीही कित्येक ठिकाणी सर्वांत दणकेबाज फवारणी सोमवारी पहाटेच होत असे. रिकाम्या कचेरीत फवारा मारणे सोयीचे असते, एवढेच त्यामागचे कारण. खरी गरज सकाळी दहाला असते, जेव्हा हजेरीच्या यंत्रावर मिनिटामिनिटाला नवा अंगठा टेकतो. केंद्र सरकारने ६ मार्च २०२० रोजी आपल्या कर्मचाऱ्यांची बायोमेट्रिक हजेरी थांबवली, ती या दृष्टीने अचूक कृती होती. पुसण्याने जे साधले नसते ते स्पर्शच काढून टाकल्याने साधले.

पृष्ठभागावरून लागण व्हायची तर एक साखळी पूर्ण व्हावी लागते. रुग्णाच्या नाका-तोंडातून विषाणू पृष्ठभागावर यावा, तेथे टिकावा, दुसऱ्याच्या बोटाला लागावा आणि त्या बोटावरून डोळ्यांत, नाकात किंवा तोंडात जावा. प्रत्येक टप्प्यावर गळती होते. समजा, प्रत्येक टप्प्यावर दहातला एकच भाग पुढे सरकतो. मग चार टप्प्यांनंतर दहा हजारांतला एक उरतो. अमेरिकेच्या रटगर्स विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांनी जुलै २०२० मध्येच आक्षेप घेतला होता की, पृष्ठभागाचा धोका दाखवणारे प्रयोग प्रत्यक्षात कधी आढळणार नाहीत इतके विषाणू घेऊन केले आहेत. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही मान्य केले की, दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून कोविडची लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी आहे. त्या केंद्राच्या मते एरवी दिवसातून एकदा साबणपाण्याने पुसणे पुरे. निर्जंतुकीकरण हवे ते चोवीस तासांच्या आत तेथे रुग्ण वावरला असेल तर. तीन दिवस उलटून गेले असतील तर वेगळे काही करायची गरज नाही.

साबणपाणी पुरे कसे, याचे उत्तर विषाणूच्या बांधणीत आहे. कोरोना आणि इन्फ्लुएन्झा या विषाणूंभोवती मेदाचे आवरण असते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे मेदाकडे. दुसरे टोक आवरणात घुसते आणि विषाणू उसवतो. अल्कोहोलही हेच करते, शिवाय प्रथिने विस्कटते. त्यासाठी पाणी लागते, आणि शुद्ध अल्कोहोल पटकन उडूनही जाते. म्हणून सत्तर टक्क्यांचे द्रावण नव्वद-पंचाण्णव टक्क्यांच्या द्रावणापेक्षा चांगले काम करते.

आवरणच नसलेले विषाणू मात्र वेगळ्या जातकुळीचे. उलट्या-जुलाबांची साथ आणणारा नोरोव्हायरस हा त्यांतला एक अतिशय चिवट. त्याचे मोजके कण लागणीला पुरतात, तो पृष्ठभागांवर दीर्घकाळ टिकतो आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. डोळे येण्याच्या साथीमागे असणारे ॲडिनो आणि एन्टेरो विषाणूही बिनआवरणाचेच. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली, तेव्हा दारांच्या मुठी, सामाईक कीबोर्ड आणि टॉवेल यांकडे २०२० पेक्षा जास्त लक्ष देणे सयुक्तिक होते. प्रत्यक्षात उलटे घडले. कोविडच्या वेळी नको तेथे क्लोरिन ओतले गेले आणि डोळ्यांच्या साथीत काळ्या चष्म्यांचीच चर्चा झाली.

आता रसायनाकडे. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे बोलीतले 'हायपो', हे स्वस्त आणि प्रभावी आहे. पण त्याची एक खोड आहे : समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थावर ते खर्च होते. टेबलावर चहा सांडलेला असेल, मुठीवर हाताच्या तेलाचा थर असेल, तर क्लोरिन आधी त्यावरच संपते. म्हणून आधी स्वच्छता, मग निर्जंतुकीकरण हा क्रम बदलता येत नाही. दुसरी अट वेळेची. ०.१ टक्के हायपो किंवा सत्तर टक्के अल्कोहोल यांना कोरोनासाठी किमान एक मिनिट पृष्ठभाग ओला लागतो. एका हाताने फवारून दुसऱ्या हाताने लगेच कोरडे पुसले, तर वास येतो, काम होत नाही.

प्रमाणाचा घोळ मोठा झाला. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये कार्यालयांसाठी १ टक्का हायपो सांगितले, जागतिक आरोग्य संघटनेने मे महिन्यात ०.१ टक्का. फरक दसपट आहे. माझ्या मते टेबलखुर्च्यांसाठी दुसरे प्रमाण योग्य. १ टक्क्याने धातू गंजतो आणि पुसणाऱ्याचे डोळे-घसा जळतो. धातूसाठी मंत्रालयानेही अल्कोहोलच सुचवले होते. हायपो ५ टक्क्यांचे असेल तर एका भागाला ४९ भाग पाणी घातले की ०.१ टक्का होते. ग्रामपंचायतीत विहिरीसाठी येणारी टीसीएल पावडर ताजी असेल, तर तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरिन असते. तीन ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात पुरते. नोरोव्हायरससाठी मात्र हे प्रमाण खालची मर्यादा आहे, तेथे पाचपटीपर्यंत जावे लागते. कॅन्टीनमध्ये कोणी उलटी केली तर आधी ती कागदाने टिपून पिशवीत बंद करायची, मग साबणपाणी, मग तीव्र हायपो. झाडूने ओढायची नाही.

उन्हात आणि उष्णतेत हायपोची ताकद घटते, पातळ केलेले तर लवकरच. म्हणून द्रावण रोजच्या रोज करावे. ते संडासाच्या ॲसिडशी एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो, अमोनिया असलेल्या द्रवाशी आले की क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांना घातक. आपल्याकडे ॲसिड आणि हायपो या दोन्हींच्या बाटल्या एकाच कोपऱ्यात, पुष्कळदा चिठ्ठीवाचून आणि पाण्याच्या जुन्या बाटल्यांत असतात.

फवारणीबद्दल थोडक्यात. धुक्यासारखा फवारा टेबलाच्या खालच्या बाजूला, आडोशाला पोचत नाही, मळ काढत नाही आणि श्वासात जातो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या-कचेरीतल्या पृष्ठभागांसाठी तो नाकारला, आणि माणसांवर फवारणे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये असे सांगितले. बरेलीत मार्च २०२० अखेर गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून रसायनाने भिजवले गेले होते. आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिलला माणसांवरची फवारणी चुकीची ठरवली. तरीही कचेऱ्यांच्या दारांत निर्जंतुकीकरणाचे बोगदे उभे राहतच होते. त्यांवर निर्बंध आणण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला दिले ते नोव्हेंबरमध्ये.

असे का झाले, याचे माझे उत्तर असे : विषाणूचा धोका स्पर्शांत आणि श्वासांत मोजावा लागतो, तर साफसफाईचे कंत्राट चौरस फुटांत मोजले जाते. चौरस फुटात फरशी येते, भिंत येते, फवारणीचा फोटोही येतो. फरशीला कोणी हात लावत नाही. झेरॉक्स मशीनचे बटण, पाण्याच्या कूलरचा नळ, नस्तीची दोरी, स्वच्छतागृहाची कडी यांचे क्षेत्रफळ मिळून एखादा चौरस फूटही भरणार नाही, म्हणून ती कंत्राटात दिसत नाहीत. खिडकी उघडण्याला तर क्षेत्रफळच नाही, आणि सोलच्या त्या मजल्यावरचा प्रश्न हवेचा होता.

कंत्राट स्पर्शांवर बांधायचे ठरवले तर पाळ्यांची वेळ प्रथम बदलेल. सफाई करणाऱ्या मावशी सकाळी सातला येऊन नऊपर्यंत निघून जाण्याऐवजी त्यांतल्या एकीची पाळी दहा ते तीन असेल : हजेरीनंतर, जेवणाच्या सुट्टीआधी आणि नंतर. तिच्याकडे हातमोजे असतील, दोन बादल्या असतील, एक धुण्याची आणि एक पुसण्याची, आणि मळलेला फडका स्वच्छ पाण्यात परत बुडणार नाही. बेसिनवरचा साबण संपला की भरणे हेही तिच्या कामात लिहिलेले असेल, कारण साखळी सर्वांत स्वस्तात तुटते ती हाताशी. हे करायला वेगळे रसायन लागत नाही. पाच तासांची मजुरी लागते, आणि निविदेत सगळ्यांत आधी तीच कापली जाते.