निकाल दिल्लीत, धास्ती पाड्यावर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे हिशेबनीस म्हणून नोकरी केली. आम्ही कार्यालयातली मंडळी बोईसर स्टेशनवर उतरून कामावर जात असू. अंगमेहनतीचे काम करणारे बरेचसे कामगार मात्र पालघर तालुक्यातल्या पाड्यांवरून सायकलने किंवा जीपला लटकून येत. दुपारच्या सुट्टीत वर्तमानपत्र माझ्या हातात असायचे. त्यामुळे "भाऊ, काय छापलंय?" हा प्रश्न मलाच विचारला जाई.

२००२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर एका वारली सोबत्याने विचारले, "भाऊ, कोर्टाने आमची पलाटं काढून घ्यायला सांगितली म्हणतात. खरं का?" फॉरेस्ट प्लॉटला आमच्याकडे पलाट म्हणतात. मी मथळ्यावर नजर टाकली आणि म्हणालो, "तसंच दिसतंय. सप्टेंबरपर्यंतची मुदत आहे."

त्या वर्षी त्याने राब भाजला नाही. नाचणी नाही, वरई नाही. वडिलांच्या हातची जमीन पडीक राहिली. माझे उत्तर चुकीचे होते, हे मला फार उशिरा कळले. न्यायालयाने नेमके काय म्हटले होते, ते मी मग शोधून वाचले.

या गोष्टीची सुरुवात जुनी आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यात इंग्रजी अमदानीत डोंगर राखीव झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे कसणारी माणसे सरकारच्या लेखी अतिक्रमणदार ठरली. काही जमिनी वर्षाच्या बोलीने, 'एकसाली' म्हणून कसायला मिळाल्या. बाकीचे वनरक्षकाच्या नजरेखाली दंड भरून कसत राहिले. १९७८ साली महाराष्ट्र शासनाने ठरवले की ३१ मार्च १९७८ पूर्वीपासून कसणाऱ्या पात्र लोकांची अतिक्रमणे नियमित करावीत. पण पुरावा काय? ज्यांना कधी सातबारा मिळाला नाही, त्यांच्याकडे एकच कागद असायचा, तो म्हणजे वनखात्याने केलेल्या दंडाची पावती. शिक्षेचा कागद हाच हक्काचा पुरावा झाला. ज्याची पावती पावसात भिजली किंवा वाळवीने खाल्ली, त्याचे काय?

हा प्रश्न कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू यांच्या नावाने १९८६ च्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात गेला. ७ मार्च १९९५ रोजी आदेश झाला. कागद नाही एवढ्याच कारणावरून दावा फेटाळू नये, इतर पुरावाही तपासावा, असा त्याचा मथितार्थ. आपल्याच भागातल्या माणसांनी मिळवलेला हा आदेश. पण मी २००२ पर्यंत त्याचे नावही ऐकले नव्हते, आणि शेजारी बसून भाकर खाणाऱ्या माझ्या सोबत्यालाही तो ठाऊक नव्हता.

पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर १९९६ रोजी, गोदावर्मन खटल्यातला प्रसिद्ध आदेश आला. खटला निघाला होता दूर तमिळनाडूत, निलगिरीतल्या गुडलूरच्या झाडतोडीवरून. न्यायालयाने सांगितले की 'वन' या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ धरावा, मग जमीन कोणाच्याही मालकीची असो. अशा जमिनीचा वनेतर वापर करायचा तर केंद्राची पूर्वपरवानगी हवी. या आदेशाने देशातली पुष्कळ बेबंद तोड थांबली. पुढे त्याच खटल्यात एकामागून एक अर्ज येत गेले आणि वनांसंबंधीचे असंख्य प्रश्न तिथेच ऐकले जाऊ लागले.

त्यातच २३ नोव्हेंबर २००१ चा आदेश आहे. न्यायालयाने केंद्र सरकारला बजावले, की आमच्या परवानगीशिवाय आणखी अतिक्रमणे नियमित करू नका. बस्स, एवढेच. 'हुसकावून लावा' असे त्यात नव्हते. पण ३ मे २००२ रोजी केंद्राच्या वन महानिरीक्षकांनी राज्यांना पत्र धाडले, की नियमित होण्यास अपात्र असलेली सर्व अतिक्रमणे ३० सप्टेंबरपर्यंत हटवा. आता पाहा, न्यायालयाचा होता मनाई आदेश. पत्रात त्याची हकालपट्टी झाली. पत्रात निदान 'अपात्र' हा शब्द तरी होता. मथळ्यात तो गळला, आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडले त्यात तर काहीच उरले नाही. माझ्या सोबत्याकडे १९७८ च्या आधीच्या पावत्या होत्या. त्याला अपात्र कोणीही ठरवले नव्हते.

देशभर ओरड झाली. महाराष्ट्र शासनाने १० ऑक्टोबर २००२ रोजी निर्णय काढला, की दाव्यांची पडताळणी गावपातळीवर व्हावी आणि जाणत्या माणसांची तोंडी साक्षही धरावी. त्याच महिन्याच्या ३० तारखेला केंद्रानेही खुलासा केला, की पात्र लोकांसाठीची १९९० ची मार्गदर्शक तत्त्वे कायम आहेत. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत वडीलधाऱ्यांची साक्ष आहे. १९९५ साली आपल्या जिल्ह्याच्या निमित्ताने मांडलेला विचार अशा रीतीने देशाच्या कायद्यात गेला.

तरी गोष्ट पुन्हा घडली. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की ज्यांचे वनहक्क दावे अंतिमतः फेटाळले गेले आहेत त्यांना राज्यांनी हटवावे. या वेळी आदेशात हकालपट्टी खरोखरच होती, पण ती सर्व वनवासींची नव्हती. मोबाइलवर मात्र 'आदिवासींना जंगलाबाहेर काढणार' एवढेच फिरले. २८ फेब्रुवारीला न्यायालयाने स्वतःच त्या आदेशाला स्थगिती दिली आणि दावे कसे फेटाळले याची माहिती राज्यांकडून मागवली. पहिली बातमी घरोघर गेली. दुसरी किती जणांपर्यंत गेली? जुना सोबती तेव्हा मला बोईसरच्या बाजारात भेटला. या वेळी मी म्हटले, "थांब. आधी वाचतो, मग सांगतो."

आपल्या घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. जुलै २०१९ पासून काही निवडक निकाल मराठीसह इतर भाषांत संकेतस्थळावर मिळू लागले. चांगलीच गोष्ट आहे. पण भाषांतर झाले म्हणजे निकाल पाड्यावर पोहोचला असे नाही. तिथे तो कोणाच्या तरी तोंडूनच पोहोचतो. शिक्षक, ग्रामसेवक, दुकानदार किंवा माझ्यासारखा पेपर वाचणारा कारकून सांगेल तोच त्यांच्यासाठी निकाल असतो.

म्हणून सांगणाऱ्याने चार गोष्टी आधी पाहाव्यात. आदेश न्यायालयाचा आहे, की त्याच्या नावाने निघालेले कोणाचे पत्र? तो अंतरिम आहे की अंतिम? तो नेमका कोणाला लागू आहे? आणि त्याला पुढे स्थगिती मिळाली का? हे पाहायला अर्धा तास लागतो. मी तो अर्धा तास दिला नाही, आणि एका घरची वर्षाची नाचणी गेली.

माझ्या सोबत्याने मला कधी बोल लावला नाही. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा पलाट कसायला घेतले. पावत्या आता त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत.