जळायचे कोणी होते?

कर्नाटक संगीतात ‘नंदनार चरित्रम्’मधली पदे आजही भक्तिभावाने गायली जातात. १९व्या शतकात गोपालकृष्ण भारती या ब्राह्मण कवीने ती रचली. नंदनार हा अस्पृश्य शेतमजूर. त्याला चिदंबरमच्या नटराजाच्या दर्शनाची आस. पण कथेनुसार आधी अग्नीतून ‘शुद्ध’ होऊन, ब्राह्मणरूप घेऊनच त्याला देवळात जाता येते. यालाच म्हणे भक्तीने मिळालेली मुक्ती!

आपल्याकडे चोखोबांनी अभंगातून विटाळालाच जाब विचारला. तरी १३३८ मध्ये मंगळवेढ्यात भिंत बांधताना ते तिच्याखाली गाडले गेले. पंढरपुरात त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच. अभंग गाभाऱ्यात पोचला, माणूस पायरीशीच राहिला. ते दार अस्पृश्यांना उघडले १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. अस्पृश्यता नष्ट केली ती संविधानाच्या कलम १७ ने.

बाबासाहेबांनी १९४८ चा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांचा मान राखला. पण मुक्तीसाठी देवाच्या दारात थांबले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्माची वाट धरली.

मित्रांनो, पदाला दाद जरूर द्या. पण विचारा : जळायचे कोणी होते, नंदनारने की त्याला अडवणाऱ्या नियमाने?

जय भीम!